ओकबुनचा वाटा

१

सकाळी साडेसहाला मी चुलीतली जळून पांढरी झालेली कोळशाची वडी चिमट्याने काढतो आणि नवी घालतो. वडीला आरपार भोकं असतात. खालच्या वडीची भोकं आणि वरच्या वडीची भोकं एकावर एक आली पाहिजेत. नाही आली तर धूर कोंडतो आणि माणूस झोपेत मरतो. माझी कधी चुकली नाहीत. मी एकतीस वर्षं कोळशात काढली आहेत. त्यातली तेवीस कैदी म्हणून.

चुलीची ऊब खोलीच्या जमिनीखालून जाते. चुलीकडच्या कोपऱ्यात जमीन सगळ्यात गरम. तिथे मी थंडीभर एक रजई पसरून ठेवतो. भात शिजला की दोन वाडगे भरतो. एक मी खातो. दुसरा पितळी, झाकणाचा. तो रजईखाली ठेवतो आणि कामावर जातो.

बाहेर गेलेल्या माणसासाठी आमच्याकडे असाच भात ठेवतात. केव्हाही आला तरी त्याला गरम मिळावा म्हणून. हा जिवंत माणसाचा भात. मेलेल्याचा वेगळा. तो चौरंगावर मांडतात, चमचा भातात उभा रोवतात, आणि येणाऱ्यासाठी दार उघडं ठेवतात.

माझ्या बायकोचं नाव ओकबुन. ती उत्तरेकडच्या देशात, कैद्यांच्या छावणीत राहिली, मी पळून इथे दक्षिणेत आलो. त्याला एकोणीस वर्षं झाली. एकोणीस वर्षं तिचा भात रजईखालीच आहे.

दुपारी मी जेवायला घरी येतो तेव्हा तो भात मीच खातो. भात टाकायचा नसतो.

खालच्या अंगाला घरमालकीण राहते. तिला सगळे दोक्सूची आई म्हणतात. साठीची आहे, तोंडाने तिखट. ती एकदा म्हणाली, "काका, शेजारणी मला विचारतात, तुमच्या भाडेकरूने रजईखाली अंडी उबवायला ठेवलीत का?"

"सांगा त्यांना, पिल्लं निघाली की एकेक देईन."

"चेष्टा नाही करत मी. एकोणीस वर्षं झाली. त्या बिचारीला चौरंगावर बसवा आता. भुकेली फिरत असेल."

"मेली हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

मग ती गप्प बसते. ती गप्प बसली की मला बरं वाटतं.

२

मी शिकलेला नाही. चार यत्ता. मग शेतावर आणि पुढे खाणीत. खाणीत एकदा जे बोललो ते बोलायला नको होतं. बत्तिसाव्या वर्षी त्यांनी मला ट्रकमध्ये घालून नेलं. ते का आणि कसं, हे लिहीत बसणार नाही. इथे येऊन ते पुष्कळांनी सांगितलं आहे आणि लोकांनी मान हलवून ऐकलं आहे.

मी दुसरं सांगतो. मला त्या जागेची आठवण येते. हे मी कुणाला बोलत नाही.

सत्तेचाळीस वर्षांचा असताना मी वर्षभर ठरवून दिल्यापेक्षा जास्त कोळसा काढला. बक्षीस म्हणून त्यांनी मला बायको दिली. पहारेकऱ्याला आम्ही 'गुरुजी' म्हणायचं असा नियम होता. कैदी बायका गणवेश शिवायच्या त्या शिवणशाळेच्या दारात गुरुजींनी मला उभं केलं, आतून एक बाई आणली आणि म्हणाले, "ही." ती अडतीस वर्षांची होती. तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "कान स्वच्छ धुवा. मग बघू."

वर्षातून दोनदा, पाच-पाच दिवस, आम्हाला एक खोली मिळायची. आठ वर्षांत पंधरा वेळा. म्हणजे माझा संसार पंच्याहत्तर दिवसांचा. खोली लहान होती. भिंतीला कोळशाच्या चिखलाचा गिलावा. जमीन चुलीपाशी चटका बसेल इतकी गरम आणि दाराशी बर्फ. खिडकीच्या जागी तेलकट कागद, वाऱ्याने तो रात्रंदिवस टकटक करायचा. मला आजही कागद टकटकला की झोप चांगली लागते.

तिची कामाची पाळी पहाटे सुरू व्हायची, माझी दुपारी सुटायची. दोघांना मिळून मक्याच्या कण्यांचं एक भांडं. ती आधी खायची आणि उरलेल्या कण्या चमच्याच्या पाठीने सपाट करून, झाकण घालून, गरम जमिनीवर माझ्यासाठी ठेवायची. मी करंगळी घालून मोजायचो. बरोबर अर्धं. बायका नवऱ्यासाठी जास्त ठेवतात असं ऐकलं होतं. तिने एक दाणा जास्त ठेवला नाही, एक कमी ठेवला नाही. छावणीत सगळे एकमेकांचं चोरायचे. तिच्या त्या सपाट केलेल्या अर्ध्या भांड्याइतकी खरी गोष्ट मी दुसरी बघितली नाही.

माणसाला आठवण कशाची यावी हे त्याच्या हातात नसतं.

३

गेल्या वर्षी ऑगस्टच्या शेवटी मला फोन आला. उत्तरेकडून नव्याने आलेल्यांना जिथे ठेवतात, शिकवतात, तिथून. बोलणारा तरुण अधिकारी होता.

"आजोबा, प्यो मालन्यो नावाची एक बाई आली आहे. तुमच्याच छावणीतली. तुमच्या पत्नीबरोबर एका बराकीत होती म्हणते. इथलं शिक्षण संपलं की तुम्हाला भेटायला येईल."

"जिवंत आहे का तेवढं विचारा."

"मी विचारलं. ती म्हणते, समोर बसूनच सांगेन."

मी फोन ठेवला. समोर बसून सांगायच्या गोष्टी कोणत्या असतात हे मला माहीत आहे.

तिला यायला अजून तीन महिने होते. मला ते काढवेनात. कुणीतरी अनोळखी बाई येणार, माझ्याच खोलीत बसणार आणि ओकबुन मेल्याचं मला सांगणार. मी ते का ऐकून घ्यावं? ठरवायचंच असेल तर मी ठरवीन. हा माझा गर्व. दुसरं काही नाही.

ज्यांची मरणाची तिथी माहीत नाही त्यांचं जुन्या पंचांगाच्या नवव्या महिन्याच्या नवमीला, म्हणजे ऑक्टोबरात करतात. त्या दिवशी मी सुट्टी घेतली. चौरंग मांडला. नाशपाती, सुकवलेला मासा, रस्सा, भात. पितळी वाडगा तोच घेतला, दुसरा चांगला नव्हता. उदबत्ती लावली. दार उघडलं आणि भातात चमचा रोवला.

डोंगरातली हवा आत आली. आणि मला दिसायला लागलं की ऊब बाहेर चालली आहे. छावणीत राहिलेल्या माणसाला ऊब दिसते. एक पूर्ण वडी दाराबाहेर जात होती. मी थोडा वेळ दात खाऊन उभा राहिलो. मग पुढे जाऊन दार लावून घेतलं. उदबत्ती अजून अर्धी होती. आलेल्याला जेवू द्यायचं, मग दारापर्यंत जाऊन निरोप द्यायचा, मग दार लावायचं, असा क्रम आहे. तो मला नंतर आठवला.

बंद दारापाशी उभा राहून मी त्या रोवलेल्या चमच्याकडे बघितलं. मला माझी लाज वाटली. ती जिवंत असली तर? जिवंत माणसाला मेलेल्यांचा भात वाढला मी.

मी चमचा उपटला. भोक बुजवलं, भात वरून सपाट केला, झाकण घातलं आणि वाडगा रजईखाली ठेवला. झालं ते मागे घेतलं असं मला वाटलं.

४

इथल्या आमच्या गावच्या कोळशाच्या खाणी कधीच बंद पडल्या. आता एका खाणीत पाहुण्यांना दिवे लावून फिरवतात. मी फाटकावर बसतो. पावणेनऊला जातो, एक वाजता जेवायला येतो.

दुसऱ्या दिवशी एक वाजता आलो, रजईखालून वाडगा काढला, झाकण उघडलं. भात कमी होता.

फार नाही. दोन चमचे. माझा वाडगा अठरा चमच्यांचा आहे. ज्याने तेवीस वर्षं कण्या मोजल्या त्याला वाडगा किती चमच्यांचा आहे हे माहीत असतं. आणि वरचा भात सपाट होता. चमच्याच्या पाठीने केलेला.

उंदीर झाकण उचलत नाही. मी खाली गेलो.

"दोक्सूची आई, माझ्या खोलीत गेला होतात?"

"कशाला? तुमचे मोजे हुंगायला?"

"भात कमी झालाय."

"अगंबाई! चोरी! पोलिसांना बोलावू का? दोन चमचे भात गेला म्हणून सांगते." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून ती जरा नरमली. "काका, सकाळी तुम्हीच कमी भरला असेल. वय होतं माणसाचं."

माझं वय झालेलं नाही. तरी पुढच्या दिवशी मी चमचे मोजून भरले. तोंडाने मोठ्याने. उंबऱ्यावर कोळशाची बारीक पूड भुरभुरली, दाराला कुलूप घातलं. एक वाजता पुडीवर पाऊल नव्हतं. भात दोन चमचे कमी होता.

मीच खाल्ला असेल का? छावणीत मी असे लोक बघितले आहेत. वाटा खायचे आणि पाच मिनिटांनी शपथेवर सांगायचे की मिळालाच नाही. ते खोटं बोलत नव्हते. भूक माणसाला खाल्लेलं विसरायला लावते. पण मला भूक नव्हती, आणि सकाळभर मी फाटकावर होतो. तिकिटं देणारी मुलगी माझ्यासमोर बसलेली असते. मी तिला विचारलं, मी मधे कुठे उठून गेलो होतो का. ती म्हणाली, "आजोबा, तुम्ही उठला असतात तर मी पण जरा हातपाय मोकळे केले असते."

आठवड्याने चार चमचे गेले. पुढच्या आठवड्यात सहा.

५

एके दिवशी मी मुद्दाम चूल विझू दिली. आयुष्यात पहिल्यांदा. मला बघायचं होतं, रजईखालचा भात थंड असेल तर काय होतं.

एक वाजता आलो. खोली थंड पडली होती. चपला काढून आत पाय टाकला, जमीन दगडासारखी. दोन पावलं टाकली आणि तिसरं पाऊल गरम जागेवर पडलं.

मी खाली बसलो आणि हाताने चाचपलं. भिंतीला लागून, ताटलीपेक्षा थोडी मोठी, एक गरम जागा. माणूस गुडघे पोटाशी घेऊन बसला तर जेवढी जागा लागते तेवढी. हातभर अंतरावर दुसरी. मग तिसरी. आम्हाला छावणीत असंच बसवायचे, भिंतीला पाठ लावून, हातभर अंतराने. मी रांगत रांगत गेलो. चार जागा होत्या. चौथी नुकती उठून गेल्यासारखी होती.

चुलीकडच्या कोपऱ्यात, रजईपाशी, सगळ्यात चांगल्या जागेवर कुणी बसलं नव्हतं. तिथली जमीन थंड होती. वाडगा मात्र गरम. आठ चमचे गेलेले.

मी घाबरलो. ते नाकारणार नाही.  हे काय आहे आणि मी काय आत घेऊन दार लावलं, हे मला कळायला लागलं होतं. दार उघडायला उठलो. कडीवर हात ठेवला.

आणि कडी काढली नाही. कारण खोलीत वास होता. ओल्या कोळशाचा, घामाचा, उकडलेल्या कोबीच्या पानांचा, शिवणशाळेतल्या मशीनच्या तेलाचा. एकोणीस वर्षांत तो वास मला कुठे मिळाला नव्हता. या देशात सगळ्याला साबणाचा वास येतो. मी दाराला पाठ लावून खाली बसलो, गुडघे पोटाशी घेतले. शेजारची जागा हळूहळू गार होत गेली. मी तिथे संध्याकाळपर्यंत बसलो होतो. कामावर परत गेलोच नाही.

घर भरल्यासारखं वाटत होतं.

६

नंतर मी विचार करणं सोडून दिलं. मला वाटलं, ओकबुन मेली आहे आणि इथे आली आहे. येताना आपली माणसं घेऊन आली आहे. वाटे तीच करत असणार. तसं सपाट दुसरं कुणी करत नाही. आणि उरतं ते माझं. मी रोज एक वाजता येऊन माझा वाटा खायचो. तो लहान लहान होत चालला होता. मी तक्रार केली नाही. नोव्हेंबरच्या शेवटी वाडग्यात चारच चमचे उरायला लागले. गेले चौदा. मग ते वाढले नाहीत.

एक नवीन गोष्ट होती. उरलेल्या भातावर मधोमध चमच्याच्या कडेने ओढलेली रेघ. इकडे दोन चमचे, तिकडे दोन. मला ती कळली नाही. मी चारही खायचो.

दिवसा खोलीत बसलं की बारीक आवाज यायचे. कापडाला कापड घासल्याचा. कुणी नाक ओढल्याचा. मी बघायला वळायचो नाही. छावणीतल्या खोलीतही आम्ही एकमेकांकडे फार बघत नसू. बघितलं तर मोह होतो.

मला त्या खोलीतला शेवटचा दिवस आठवायचा. जुनी, सोडून दिलेली एक खाण डोंगराखालून कुंपणापलीकडे निघते हे मला ठाऊक झालं होतं. सरपटत जायचं, अंधारात, दोन-तीन दिवस. मी ओकबुनला सांगितलं, "दोघं जाऊ." ती म्हणाली, "मला खोकला आहे. खाणीत खोकला लांबवर ऐकू जातो. तुम्ही जा." मी म्हणालो, "मग मीही नाही." ती म्हणाली, "कान धुतलेत का आज?" एवढंच. विषय संपला.

त्या दुपारी मी पाळीवरून आलो. ती कामावर गेलेली होती. भांडं गरम जमिनीवर होतं. झाकण काढलं. भांडं काठोकाठ भरलेलं होतं. तिने चमचाही लावला नव्हता.

मी सगळं खाल्लं. भूक होती, आणि हातांनी मला विचारलं नाही. संपल्यावर मला कळलं की तिने मला जा म्हणून सांगितलं आहे, आणि मी हो म्हणून बसलो आहे. मग मी निघालो. त्या भांडंभर कण्यांवर मी तीन दिवस सरपटलो, चौथ्या दिवशी पहाटे पलीकडे निघालो. मग नदी. मग बाकीचं. त्या कण्या नसत्या तर मी आतच संपलो असतो.

त्यातला अर्धा वाटा तिचा होता.

७

प्यो मालन्यो डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आली, दुपारच्या बसने. दोक्सूच्या आईने तिला वर आणून सोडलं आणि स्वतः जायचं नाव घेईना. मी म्हणालो, "खाली तुमचं दूध उतू जात असेल." ती म्हणाली, "मी दूध पीत नाही," आणि तरी गेली.

मालन्यो पन्नाशीची, बुटकी, पुढचे दात नसलेली. आत आली, खोलीकडे बघितलं आणि दाराशीच थबकली. मग भिंतीकडे बघून तिने हलकेच मान लववली. माझ्याकडे नाही. भिंतीकडे.

"भाऊजी," ती म्हणाली. "ताईने सांगितलं होतं, माणूस काठीसारखा सरळ आणि कान मोठे. कान मोठे आहेतच."

"जिवंत आहे का?"

"मी निघाले तेव्हा होती. दोन वर्षांपूर्वी."

मी रजईची कड सरळ केली. 

"तुम्ही गेल्यावर तिला तीन महिने अंधारकोठडीत टाकलं. बाहेर आली ती एक पाय ओढतच. मारून टाकणार होते. पण गणवेशाची कॉलर तिच्यासारखी कुणाला बसवता येत नव्हती. गुरुजींच्या बायकाच म्हणाल्या, तिला राहू द्या. मग आमच्या बराकीत आली."

"किती जणी होतात?"

"नऊ. मला आणि ताईला धरून नऊ. ती आली तेव्हा आम्ही कुत्र्यांसारख्या भांडायचो भांड्यावरून. तिने वाटायला सुरुवात केली. शिस्त लावली. जी पाळीवर असेल तिचा वाटा भांड्यात सपाट करून ठेवायचा. दोघी बाहेर असल्या तर मधे रेघ. कुणी हात लावायचा नाही. जिचा वाटा आहे ती जिवंत आहे, असं म्हणायची. शेवटी शेवटी सगळ्याच तिच्यासारखं सपाट करायला लागल्या होत्या." ती थांबली. "सात जणी गेल्या, भाऊजी. तापाने, एका हिवाळ्यात. पुरायलाही आम्ही दोघीच. मग ताई मला म्हणाली, तुझ्याकडे पाय आहेत, तू जा."

 मी उठलो, रजईखालून वाडगा काढला आणि तिच्यासमोर ठेवून झाकण उघडलं. सकाळी मी अठरा चमचे भरले होते. आत चार होते. मधे रेघ.

तिने वाडग्याकडे बघितलं.  मला वाटलं, ओरडेल. तिने नुसतं विचारलं, "बाकीच्या जेवल्या?"

"चौदा चमचे."

"सात जणी." तिने चमचा मागितला. मी दिला. तिने रेघेच्या एका बाजूचे दोन चमचे सावकाश खाल्ले, काठ निपटून घेतला, चमचा पुसून खाली ठेवला. दुसऱ्या बाजूला शिवली नाही. "हा माझा होता. तो तिचा. ती आलेली नाही, म्हणून उरलाय."

"म्हणजे जिवंत आहे."

"वाटा आहे तोवर आहे."

मी जमिनीकडे बघत होतो. ती माझ्याकडे. शेवटी मला सांगावं लागलं.

"तो मी रोज खात होतो. मला वाटलं, माझा आहे."

 भिंतीपाशी कापड घासल्याचा आवाज झाला आणि थांबला. मालन्योने डोळे मिटले, उघडले.

"किती दिवस?"

"दोन महिने."

"ताईला कळलं असतं तर म्हणाली असती, आधी कान उपटा या माणसाचे." ती हसायला गेली, पण जमलं नाही. "माझा वाटा खुशाल खा. मी इथे आहे, मला मिळतंय. तिच्याला हात लावू नका, भाऊजी. एकदाही."

जाताना तिने दार उघडलं तेव्हा बाहेर हिमाचं पांढरं ऊन होतं. तिने विचारलं, "उघडं ठेवू का जरा? जातील त्या. सुटतील."

मी विचार केला. त्या सुटल्या तर वाटे कोण करणार? आणि वाटे झाले नाहीत तर तिचा वाटा उरलाय की नाही हे मला कसं कळणार?

"लावून घ्या," मी म्हणालो. "ऊब जाते."

८

डिसेंबर गेला. जानेवारी गेला. मी रोज एक वाजता झाकण उघडायचो. चार चमचे, मधे रेघ. मालन्योचे दोन मी खायचो. ओकबुनचे दोन तसेच ठेवायचो, आणि दुसऱ्या दिवशी नवा भात भरताना ते चिमण्यांना घालायचो. आयुष्यात पहिल्यांदा मी भात टाकत होतो.

आणि मी सुखी होतो. हे लिहायला मला लाज वाटत नाही. सकाळी आपली माणसं भिंतीला बसलेली आहेत, बायको पाळीवर गेलेली आहे, तिचा वाटा झाकून ठेवलेला आहे. म्हाताऱ्याला आणखी काय लागतं? फाटकावर बसल्या बसल्या मी एक वाजायची वाट बघायचो. दोक्सूची आई म्हणाली, "काका, लग्न ठरलंय का? चेहरा बघा कसा झालाय." मी म्हणालो, "ठरलेलंच आहे."

फेब्रुवारीत फार थंडी पडली. त्या दिवशी फाटकावर एकही पाहुणा आला नाही. मी बाराला निघालो. बर्फावर माझ्याच सकाळच्या पावलांचे ठसे होते, जाणारे. येणारे कुणाचेच नव्हते.

कुलूप काढलं. आत ऊब होती. सगळं जागच्या जागी. फक्त रजई. मी ती सरळ पसरून गेलो होतो. आता तिची एक कड वर उचललेली होती, कुणी पाय आत घालून बसावं तशी. मधे दोन गुडघ्यांएवढा उंचवटा. एक नीट उभा, एक जरा बाजूला पडलेला, ओढत चालणाऱ्या पायाचा असतो तसा.

मी रजईच्या वर काय आहे ते बघितलं नाही. तिकडे मान फिरवायला माझ्यात धीर नव्हता. डोळ्याच्या कडेला काहीतरी राखाडी होतं. केस असतील. भिंतही असेल.

वाडगा रजईच्या बाहेर होता, माझ्या बाजूला, झाकण घातलेला. मी बसलो. झाकण काढलं. दोन चमचे उरले होते, रेघेच्या डावीकडे. मालन्योचे. उजवीकडे पितळ दिसत होतं, निपटून घेतलेलं, चकचकीत.

चुलीत वडी फुटल्याचा आवाज झाला. भिंतीपाशी कुणी हललं नाही. सगळ्या बसून होत्या आणि कुणीच श्वास घेत नव्हतं.

"पाळी सुटली का?" मी विचारलं. 

 मी कितीतरी वेळ तसाच बसलो. दारापाशी बसल्यामुळे माझी पावलं बधिर झाली होती. शेवटी मी हात लांब करून रजईची माझ्याकडची कड उचलली आणि पाय आत सरकवले.

आत, रजईखाली, कुणीतरी पाय आखडून घेतले. मला जागा करून दिली. अर्धी.